महाविद्यालयीन कबड्डी संघाचे भवितव्य

वडनेरसारख्या (जि. वर्धा) गावांतील खेळाडूंवर उभ्या राहणाऱ्या महाविद्यालयीन कबड्डी संघाचे पुढील हंगामातील भवितव्य केवळ मागील विजयांवरून ठरविणे युक्त नव्हे. चढाई ही बहुतांशी एकट्याची कला; पकड मात्र सात जणांच्या परस्परसंकेतांवर अवलंबून असते. भाषेप्रमाणे येथेही संकेत सहवासानेच रुजतात. पदवी घेऊन कोपरारक्षकांची जोडी बाहेर पडली, की बचावाची साखळी विस्कळीत होते. संपूर्ण संघ बाद होऊन प्रतिपक्षास लोणाचे दोन अधिक गुण मिळण्याचा संभव वाढतो. शिवाय मातीवर घडलेल्या पावलांना मॅटची सवय करावी लागते. सारांश, नव्या चढाईपटूच्या शोधापेक्षा उरलेल्या बचावपटूंचा सत्रारंभापासूनचा सामुदायिक सराव हाच आगामी यशाचा खरा आधार होय.