इस्त्री फिरवा आणि उडा!

गॅरेजमध्ये विमान, हातात सुईदोरा. हौशी विमानकारांच्या दुनियेत एक चक्कर.

सोमवारी सकाळी शर्टावर फिरवता ती इस्त्री डोळ्यांसमोर आणा. आता शर्टाच्या जागी विमानाचा पंख. नाही, चेष्टा नाही! अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमानं बांधणारी जी मंडळी आहेत, त्यातले कित्येकजण पंखावर कापड चढवतात, साध्या घरगुती इस्त्रीने ते ताणून बसवतात आणि त्याच पंखांवर स्वतः उडतात.

घरी विमान बांधणं आपल्याला अगदीच परकं नाही म्हणा. कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव या पायलटने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते बीकेसीला ‘मेक इन इंडिया’त मांडलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. आपल्याकडे हा एकट्याचा लढा होता. तिकडे मात्र तो अख्ख्या जमातीचा वीकेंड आहे. १९५३ मध्ये सुरू झालेली ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही त्यांची संघटना आणि विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात भरणारी त्यांची जत्रा. सरकारची मुख्य अट एकच : निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा मजेसाठी केलेलं हवं.

या जमातीचं लाडकं विमान म्हणजे ‘पीटनपॉल एअर कँपर’. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या लहानशा गावातल्या बर्नार्ड पीटनपॉलने १९२०च्या दशकाच्या शेवटी ते बनवलं. लाकडी सांगाडा, वर कापड, दोन उघड्या सीट्स आणि इंजिन चक्क फोर्ड मॉडेल ए मोटारीचं! १९३२ मध्ये त्याचे आराखडे एका मासिकाच्या वार्षिकात छापून आले. आज नव्वदी उलटली तरी लोक ते कागद पसरून कामाला लागतात.

आता गंमत बघा. लाकूड कापणं, फासळ्या चिकटवणं यात वर्षं जातात, पण खरी धडधड होते ती कापड चढवायच्या आदल्या दिवशी. कारण एकदा कापड चढलं की आतलं सगळं झाकलं जातं. एखादा सांधा नीट चिकटला नव्हता, एखादा बोल्ट पिळायचा राहिला, तर तो तसाच आत. सरकारी तपासनीस शेवटी येतो, तेव्हा पंख बंद झालेला असतो. म्हणून शहाणा माणूस गोंदाच्या प्रत्येक मिश्रणातून दोन तुकडे चिकटवून बाजूला ठेवतो आणि सुकल्यावर ते मोडून बघतो. लाकूड फाटलं तर पास. सांधा सुटला तर त्या दिवशीचं सगळं काम संशयात! संघटनेचे स्वयंसेवक सल्लागारही फुकट येऊन सांगाडा बघतात. बांधणाऱ्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही, हे ऑफिसात स्वतःचंच प्रेझेंटेशन दहा वेळा वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मग कापड. पूर्वी सुती किंवा लिननचं असायचं, आता पॉलिएस्टर. ते कडांना चिकटवायचं आणि इस्त्रीने आवळायचं. आधी साधारण १२० अंश सेल्सियस, मग १७५च्या आसपास. इस्त्रीच्या डायलवर विश्वास ठेवायचा नाही, थर्मामीटर लावून तपासायची. जास्त तापवलं तर कापड उलट सैल पडतं आणि ते पुन्हा आवळता येत नाही. सांगाडा फार नाजूक असेल तर ताणाने पंखाची मागची कड वाकडी होते, तो वेगळा ताप.

आणि यानंतर चक्क शिवणकाम! उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढलं जातं. नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहिलं तर ते फासळीवरून सुटू शकतं. म्हणून पंख उभा करायचा, एकाने या बाजूला बसायचं, दुसऱ्याने त्या बाजूला, आणि लांबलचक सुई आरपार द्यायची-घ्यायची. मेण लावलेला दोरा, दर दोन-तीन इंचांवर गाठ. प्रोपेलरचा झोत बसतो तिथे आणखी जवळजवळ. आजी गोधडी घालायची ना, अगदी तसं. फक्त इथे टाका उसवला तर नुसती थंडी वाजणार नाही.

गाठींवर दातेरी कडेच्या पट्ट्या चिकटतात, मग रसायनांचे हात. हे काम मास्क लावून, उघड्या हवेत आणि ठिणगीपासून लांब, कारण त्यांच्या वाफा भलत्याच पेट घेणाऱ्या. रंगाआधी चंदेरी थर. तो दिसायला नाही, उन्हासाठी. या कापडाचा खरा शत्रू वारा नाही, ऊन आहे. अतिनील किरणांनी पॉलिएस्टर कुजतं आणि अॅल्युमिनियमची ती पूड त्यांना अडवते. पुरेशी लागली का, ते बघायची युक्ती भारी आहे : पंखाच्या आत बल्ब लावायचा. बाहेरून उजेड दिसला तर अजून एक हात!

पुढे विमान सावलीत राहिलं तर हे कापड दशकानुदशकं टिकतं. तरी दर बारा महिन्यांनी पूर्ण तपासणी करावीच लागते. बांधणाऱ्याने तसा परवाना घेतला असेल तर ती तो स्वतः करू शकतो. विमान विकलं तर तो हक्क नव्या मालकाला आपोआप मिळत नाही. खालच्या कडेची पाणी निथळायची भोकं मोकळी आहेत ना, कुठे चीर पडली आहे का, टाके सैल झालेत का, हे सगळं बघायचं. आणि उंदीर! पंखात घर केलं की नुसतं कुरतडत नाहीत, त्यांच्या मुताने लोखंड गंजतं, लाकूड सडतं.

कॉकपिटच्या दाराशी मोठ्या अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ लिहिलेलं असतं. पहिले साधारण २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या परिसरातच उडायचं, पाहुणे न घेता. नंतर बसणाऱ्यालाही समोर पाटी दिसते की हे विमान हौशी माणसाने बांधलंय, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम याला लागू नाहीत. ती वाचूनही बायको पुढच्या सीटवर बसली, तर समजायचं, गोंदाचे सगळे तुकडे तिने बघितलेत.

आणि हो, ती इस्त्री परत घरात आणू नका. तळाला लागलेला गोंद शर्टावर उतरतो.