आकड्याचा अर्थ आणि मुलाखतीतील निर्णयप्रश्न

भाषाशास्त्राचे काही पदवीधर आज सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजरच्या पदासाठी मुलाखतीस जातात. उत्पादनात कोणता बदल करावा व कोणता टाळावा, हे ठरविणे हे या पदाचे प्रधान कार्य होय. साहजिकच मुलाखतीत प्रश्न येतो : ‘अमुक आकडा वाढला आहे, आपण कोणता निर्णय घ्याल?’ संख्याशास्त्रातील सूत्रे पाठ केली म्हणजे या प्रश्नाची तयारी झाली, असा समज आढळतो. तो अपुरा आहे.

शब्दाचा अर्थ जसा संदर्भावाचून निश्चित होत नाही, तसाच आकड्याचाही होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ या शोधयंत्राविषयी रॉन कोहावी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेले उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. एका प्रयोगात, सॉफ्टवेअरमधील दोषामुळे, काही वापरकर्त्यांना अत्यंत निकृष्ट उत्तरे दिसू लागली. तथापि दरडोई शोधांची संख्या १० टक्क्यांहून अधिक, आणि दरडोई उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक वाढले! हवे ते न सापडल्यामुळे लोक पुनःपुन्हा शोध घेत होते आणि जाहिरातींकडे वळत होते. आकडे खरे होते. परंतु त्यांना यश मानले असते, तर दोषालाच गुण ठरविल्यासारखे झाले असते. शोध किती झाले यापेक्षा मनुष्य शोधयंत्राकडे किती वेळा परत येतो, हे मोजणे अधिक योग्य, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे.

यावरून उत्तराचा क्रम ठरविता येतो. प्रथम, कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, ते सांगावे. दुसरे, आकडा नेमके काय मोजतो आणि त्याचा छेद कोणता, हे विचारावे. तिसरे, तुलना कशाशी आहे, ते पाहावे. ‘काल’ आणि ‘गाल’ या जोडीत एकच ध्वनी भिन्न असल्यामुळे अर्थभेदाचे श्रेय त्या ध्वनीला देता येते. नियंत्रित प्रयोगातही दोन गटांत एकच भेद ठेवावयाचा असतो, तो याच कारणासाठी. चौथे, आकडा वाढण्याची किमान दोन परस्परविरोधी कारणे मांडून त्यांतील निवड कोणत्या पुराव्याने होईल, ते सांगावे. शेवटी निर्णय द्यावा, आणि काय आढळल्यास तो मागे घेऊ, हेही स्पष्ट करावे.

सरावासाठी असे एखादे प्रसिद्ध उदाहरण घ्यावे, त्याचा निष्कर्ष झाकून आपला निर्णय सकारण लिहावा आणि मग दोहोंची तुलना करावी. पुरावा अपुरा असेल, तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. मात्र तेवढ्यावर न थांबता कोणती माहिती मिळवू, हे सांगितले पाहिजे. उमेदवाराच्या विचारपद्धतीची खरी पारख येथेच होते.