थांबलेले यंत्र आणि परत येणारी वीज



दिवाळी आली की आपल्या मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात, जिनांची घरघर सुरू होते. गावात पिठाची गिरणी असते, रानात पाण्याची मोटर, खळ्यावर मळणी यंत्र. यंत्र चालू असते तेव्हा आपण त्याला भिऊन असतो. खरा घात होतो तो दुरुस्तीच्या वेळी. कारण तेव्हा आपणच झाकण काढून हात आत घालतो.

माझा एक विद्यार्थी डाव्या हाताने लिहीत असे. एकदा मी सहज कारण विचारले. तो म्हणाला, "सर, लाइट गेली होती. गिरणीचा पट्टा चढवीत होतो. तेवढ्यात लाइट आली." खटका बंद करायचे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते!

यातले शास्त्र साधे आहे. चांगल्या स्टार्टरमध्ये एक विद्युतचुंबक असतो. हिरवे बटण दाबले की तो वीजजोड धरून ठेवतो. वीज गेली की जोड सुटतो, आणि वीज परत आली तरी पुन्हा बटण दाबल्यावाचून मोटर फिरत नाही. साध्या खटक्याला ही अक्कल नसते. पंपाला आपण 'ऑटो स्विच' बसवतो, तेव्हा तर ही राखण आपल्याच हाताने काढून टाकतो. मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटर सेकंदाला २४ वेळा फिरते. मग हात मागे घ्यायला सवड कुठली?

म्हणून दुरुस्तीपूर्वी एवढे कराच. लाल बटण दाबा, मेन स्विच पाडा, फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवा. स्विचपाशी 'काम चालू आहे' अशी पाटी लावा. चाक पूर्ण थांबू द्या. हाताने किंवा लाकडाने अडवू नका. मग एकदा हिरवे बटण दाबून पाहा. यंत्र हलले नाही, तर पुन्हा लाल बटण दाबून कामाला लागा. धोतराचा सोगा, उपरणे, पदर आवरून घ्या. काम झाल्यावर झाकण बसवा, माणसे बाजूला झाली का पाहा. आणि ज्याने फ्यूज काढला, त्यानेच तो लावावा.

चालत्या यंत्राजवळचे असे काम घट्ट कपडे घातलेल्या, खास शिकवलेल्या माणसानेच करावे, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले होते. पण घरच्या गिरणीवर तपासनीस कोण येणार? तेथे तपासनीस आपणच.

गुरुजी, उद्या वर्गात एवढेच विचारा : "वीज गेली, यंत्र थांबले. आता हात घालावा का?" मुले 'हो' म्हणाली, तर तो तास त्याच धड्याला द्या. तीच मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील, "बाबा, फ्यूज खिशात आहे ना?"