उड्डाण-सदृशकाच्या नियंत्रकांचे वंगण

जमिनीवर राहून विमानचालनाचा सराव करण्याच्या यंत्राला उड्डाण-सदृशक किंवा सिम्युलेटर म्हणतात. एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास बनविलेल्या लिंक ट्रेनरमध्ये ऑर्गनसारखे भाते होते. आता घरगुती सदृशकही मिळतात. लहानमोठ्या कोणत्याही सदृशकाची दांडी व पायपट्ट्या अडखळल्या, तर शिकणाऱ्याच्या हातापायांना चुकीची सवय लागते.

स्थिर दांडी हलविण्यास ती सरकत असतानापेक्षा जास्त बल लागते. त्यामुळे हलक्या दाबाने ती जागची हलत नाही आणि दाब वाढताच एकदम निसटते. विमान उतरविताना, जेथे दांडी किंचितच हलवावयाची असते, तेथे हा दोष विशेष जाणवतो. वंगणाने साधावयाचे असते ते या दोन घर्षणांतील अंतर कमी करणे. घर्षण अजिबात नाहीसे करणे नव्हे. म्हणून पातळ तेलापेक्षा दाट, चिकट ग्रीज येथे बरे.

धातूच्या सांध्यांना लिथियमयुक्त ग्रीज चालते. प्लॅस्टिकला मात्र काही खनिज तेले व विद्रावके तडे पाडू शकतात. त्यासाठी प्लॅस्टिकला निर्धोक असे सिलिकोन ग्रीज घ्यावे. गंज सोडविण्याचा फवारा मारण्याची सवय सर्वत्र आहे, पण तो मूळचे ग्रीजच धुऊन काढतो. विभवमापीच्या रोधक पट्टीवर साधे ग्रीज गेल्यास संदेश थरथरतो. चुंबकीय संवेदकात घासणारा स्पर्शच नसल्याने हा प्रश्न येत नाही.

उल्हासनगर-अंबरनाथसारख्या भागात पावसाळी दमट हवेने स्प्रिंगा गंजतात. ग्रीजमध्ये मिसळलेली धूळ पृष्ठभाग घासून काढते, म्हणून जुना थर पुसूनच नवा, अगदी पातळ थर द्यावा.