टनावर मोजलेली माणसे

संगणकावरचे खेळ हा पोरांचा नाद आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. चळवळीतले कार्यकर्ते तसेच म्हणतात, आणि प्राध्यापक मंडळी तर त्याहून तुच्छतेने. पण आपले कितीतरी विद्यार्थी कथा-कादंबरीपेक्षा जास्त तास या खेळांत घालवतात. शिवाय कादंबरी वाचायची असते. खेळात नियमांप्रमाणे वागायचे असते. म्हणून ते नियम कोणी लिहिले आणि त्यांत माणसाची किंमत काय लावली, हे विचारणे आपले काम आहे. जुने विज्ञानकथात्मक खेळ या दृष्टीने आज पुन्हा पाहिले, तर पूर्वी न दिसलेले बरेच काही दिसते.

१९८४ साली इंग्लंडमध्ये 'एलीट' नावाचा खेळ निघाला. नावाचा अर्थच अभिजन. केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन तरुणांनी तो रचला आणि ॲकॉर्नसॉफ्टने प्रसिद्ध केला. ज्या बीबीसी मायक्रो यंत्रावर तो चालत असे, त्याची स्मरणशक्ती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधले एक छायाचित्रही त्यात मावणार नाही. तरीही या खेळात आठ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते. हे कसे साधले? ग्रहांची यादी साठवलेलीच नव्हती. सत्तावीसचा पाढा ज्याला बनवता येतो त्याला तो लिहून ठेवावा लागत नाही, तसेच हे. काही मोजके आकडे आणि ते पुढे फिरवत नेणारे एक सूत्र, एवढेच यंत्रात होते. त्या सूत्रातून ग्रहाचे नाव, तिथली राज्यपद्धती, अर्थव्यवस्था, लोकसंख्या सारे दर वेळी नव्याने आणि तंतोतंत तसेच तयार होई. बुद्धीचे हे काम थोर आहे, आणि ते थोर म्हणूनच सांगितले पाहिजे.

खेळणाऱ्याच्या हाती एक जहाज आणि १०० नाणी. एका ग्रहावर स्वस्त घ्यायचे, दुसऱ्यावर महाग विकायचे, वाटेत चाच्यांशी लढायचे. मालाच्या यादीत सतरा जिनसा आहेत. पहिली अन्न, दुसरी कापड, तिसरी किरणोत्सारी द्रव्ये. चौथी जिन्नस गुलाम. एकक: टन.

ही ओळ मी प्रथम वाचली ती २००८ च्या सुमारास, महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तिथे कोणीतरी 'ऊलाइट' ही या खेळाची विनामूल्य नवी आवृत्ती यंत्रावर चढवून ठेवली होती. 'गुलाम, टन' ही अक्षरे तेव्हाच डोळ्यांत खुपली. पण ती ओळ खेळाच्या आत काय काम करते, हे कळायला मूळ आज्ञावली वाचावी लागली. ती आता ओळीओळीच्या स्पष्टीकरणासह उपलब्ध आहे.

या आज्ञावलीत प्रत्येक मालासमोर एक मूळ आकडा आहे. अर्थव्यवस्थेच्या आठ पायऱ्या आहेत: वर श्रीमंत औद्योगिक ग्रह, तळाला गरीब शेतीप्रधान ग्रह. एकेक पायरी खाली उतरताना मूळ आकड्यात किती भर घालायची किंवा किती वजा करायचे, हेही ठरलेले आहे. अन्नाचा आकडा १९, दर पायरीला २ वजा. गुलामांचा ४०, दर पायरीला ५ वजा. यात थोडा यदृच्छेचा आकडा मिसळला की झाला त्या दिवसाचा भाव. संगणक, यंत्रे या मालाचे गणित नेमके उलटे. ते गरीब ग्रहावर महाग. म्हणजे गरीब शेतीच्या मुलखात धान्य स्वस्त आणि माणूसही स्वस्त. दोन्ही तिथून उचलायचे, कारखान्यांच्या श्रीमंत मुलखात नेऊन विकायचे, आणि येताना यंत्रे आणायची. वसाहतवादाचा इतिहास शिकवायला मला वर्गात चार तास लागतात. इथे तो तीन ओळींच्या कोष्टकात बसला आहे. रचणाऱ्यांना तसा इतिहास सांगायचा होता असे मी म्हणत नाही. व्यापाराचा खेळ खरा वाटावा म्हणून त्यांनी जगाचा व्यापार जसा चालत आला तसा उतरवला, आणि त्याबरोबर हेही उतरले.

कोणी म्हणेल, खेळात गुलामांचा व्यापार बेकायदाच आहे. आहे खरा. त्या कायद्याचेही गणित पाहा. बंदीचा माल भरून जहाज स्थानकाबाहेर पडले की गुन्ह्याचे गुण मोजले जातात. एक टन बंदुका म्हणजे एक गुण. एक टन अमली पदार्थ म्हणजे दोन. एक टन गुलाम म्हणजेही दोनच. आणि दुसऱ्या ताऱ्याकडे उडी मारली की साचलेले गुण निम्मे होतात. आणखी उडी, आणखी निम्मे. गाव बदलले की पाप धुतले जाते, अशी ही सोय. ज्याला गाव बदलता येते त्याच्यासाठी.

सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. लढाईत हरलेल्या जहाजातून कधी कधी बचाव-कुपी सुटते. आत जीव वाचवायला निघालेला माणूस. ती कुपी तुम्ही झेललीत, तर मालाच्या यादीत एक नोंद वाढते: गुलाम, १ टन. त्याला सोडून देण्याची कळच नाही. म्हणजे गुलामगिरी वाईट आहे हे खेळाला ठाऊक आहे. गुलाम मोकळा होऊ शकतो, हे मात्र त्याच्या व्याकरणात नाही. नंतरच्या 'ऊलाइट'मध्ये वाचवलेल्या प्रवाशाबद्दल विम्याचे पैसे मिळण्याची सोय झाली. माणूस माणूस ठरला तो विमा उतरवलेला असल्यामुळे! आणि अशा या जगात खेळणाऱ्याची पदवी सुरू होते 'निरुपद्रवी'पासून. ६,४०० जहाजे पाडली की तो 'अभिजन' होतो.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाचे नावच 'गुलामगिरी' ठेवले आणि तो निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. ती परंपरा सांगणाऱ्या वाचकाला हा शब्द धान्य-कापडाच्या ओळीत एक जिन्नस म्हणून वाचून पुढे जाता येत नाही, जाऊ नये.

तीस वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, याच मालिकेतला 'एलीट डेंजरस' आला. चित्रे डोळे दिपवणारी. त्यात गुलाम दोन प्रकारचे: साधे आणि 'साम्राज्याचे गुलाम'. दुसरा प्रकार साम्राज्याच्या हद्दीत कायदेशीर. कर्ज फेडता आले नाही तर माणूस आपण होऊन स्वतःला विकतो आणि त्यात त्याची अब्रू राहते, असे समर्थन कथेत दिले आहे. हे वाचताना मला परग्रह आठवला नाही, मुकादमाची उचल आठवली. ऊसतोडीला जाणारे नवराबायको हंगामापूर्वी उचल घेतात, ती फिटेपर्यंत बांधील असतात. दोघे मिळून हिशेबात 'एक कोयता', आणि मजुरी टनावर. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'राजीखुशीने घेतली' ही सबब मात्र अजून ऐकू येते.

मग विज्ञानकथेच्या खेळाला दुसरी वाटच नव्हती काय? होती, आणि त्याच काळात होती. १९८५ साली अमेरिकेतल्या इन्फोकॉम या संस्थेने 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग' हा स्टीव्ह मेरेट्झ्की यांचा खेळ काढला. यात चित्रे नाहीत, नुसता मजकूर. रेगन यांच्या राजवटीवरचा राग त्यामागे होता. साल २०३१, तुम्ही माणूस नाही, विचार करणारे यंत्र आहात. कर कमी करा, नियम सैल करा, शिस्त कडक करा, अशी एक राष्ट्रीय योजना राबवावी की नाही, हे ठरवण्यासाठी तुम्हाला रॉकव्हिल नावाच्या गावाच्या भविष्यात पाठवले जाते: आधी दहा वर्षे पुढे, मग वीस, मग तीस. शत्रू मारायचा नाही, नफा कमवायचा नाही. गावात हिंडायचे, लोक कसे जगतात ते पाहायचे आणि नोंदवायचे. पहिल्या खेपेला सारे बरे दिसते. पुढच्या खेपांना त्याच रस्त्यांवर संचारबंदी येते, शिधा येतो, धर्माच्या नावाने दंडेली येते, आणि शेवटी ती तुमच्या स्वतःच्या घरात शिरते. हा खेळ त्या काळी फारसा खपला नाही. १२८ किलोबाइटचे यंत्र लागे, तेही एक कारण.

इन्फोकॉमने आपले खेळ एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिले होते. त्या यंत्राची नक्कल कोणत्याही खऱ्या यंत्रावर बसवता येते, त्यामुळे हा खेळ आज साध्या मोबाइलवरही वाचता येतो. मी तो द्वितीय वर्षाच्या वर्गात वाचायला घेतला आहे. इंग्रजी अवघड जाते, म्हणून एक जण वाचतो, दुसरी मराठीत सांगते, आणि पुढे कोणत्या रस्त्याने जायचे यावर भांडण होते. परवा सारे न्यायालयात जायचे म्हणत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आधी झोपडपट्टी कुठे आहे ते बघू.