आज्ञापंक्ती-प्रारंभ, संगणकाचा

आज्ञापंक्ती-प्रारंभ, संगणकाचा : चित्रे, खिडक्या व माउस यांच्या साहाय्याने चालणारी व्यवस्था सुरू न करता, कळफलकावरून टंकलिखित आज्ञा स्वीकारणाऱ्या अवस्थेत संगणक कार्यान्वित करणे. १९८० नंतरच्या दशकातील बहुतेक घरगुती संगणकांत ही एकच अवस्था उपलब्ध होती. पुढे चित्रमय व्यवस्था रूढ झाली, तरी यंत्र दुरुस्त करण्यासाठी आणि जुनी माहिती बाहेर काढण्यासाठी या अवस्थेचे महत्त्व टिकून राहिले.

आरंभीच्या घरगुती संगणकांत बेसिक भाषेची आज्ञावली कायम स्मृतीतच कोरलेली असे. उदा., भारतीय शाळांमध्ये १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात वापरलेला बीबीसी मायक्रो संगणक विद्युत् प्रवाह देताच आज्ञा स्वीकारण्यास सिद्ध होई. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात (१९८१) व त्याच्या धर्तीवरील यंत्रांत मात्र संचालन प्रणाली सामान्यतः तबकडीवरून आणावी लागे.

प्रारंभाचा क्रम : अशा यंत्रात प्रथम कायम स्मृतीतील आज्ञावली यंत्राच्या भागांची तपासणी करते. नंतर ती लवचिक तबकडीचा आणि ती नसल्यास स्थिर तबकडीचा ५१२ बाइटांचा पहिला खंड वाचते. या खंडातील छोट्या आज्ञावलीमुळे एमएस-डॉस प्रणालीच्या आयओ.सिस व एमएसडॉस.सिस या गाभ्याच्या फाइली स्मृतीत येतात. त्यानंतर कॉन्फिग.सिस या फाइलीतील सूचनांप्रमाणे स्मृतीची व उपकरणांची मांडणी होते. पुढे कमांड.कॉम हा आज्ञार्थबोधक दाखल होऊन ऑटोएक्झेक.बॅट या फाइलीतील आज्ञा ओळीने पार पाडतो. शेवटी पडद्यावर ‘सी:\>’ हे सूचक चिन्ह उमटते. यानंतर ‘डीआयआर’ ही आज्ञा दिल्यास फाइलींची यादी मिळते, ‘टाइप’ या आज्ञेने मजकूर दिसतो, तर ‘कॉपी’ या आज्ञेने प्रत निघते.

कॉन्फिग.सिस वा ऑटोएक्झेक.बॅट यांत चूक असल्यास यंत्र मध्येच अडते. एमएस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीपासून (१९९३) प्रारंभसूचना दिसताच एफ५ ही कळ दाबून दोन्ही फाइली वगळण्याची, तर एफ८ दाबून एकेक ओळ संमती देत पार पाडण्याची सोय झाली. विंडोज ९५ (१९९५) मध्ये एफ८ या कळीने पर्यायांची यादी येते व तीतून केवळ आज्ञापंक्तीची अवस्था निवडता येते. विंडोज एक्सपीमधील (२००१) आज्ञापंक्तीसह सुरक्षित प्रारंभ हा यापेक्षा मूलतः भिन्न होय. त्यात डॉस चालत नसून विंडोजच्याच गाभ्यावर आज्ञांची खिडकी उघडते.

मराठी मजकूर : ही पद्धती मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्राचा आरंभ कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला आणि पुढे त्याचा विकास पुणे येथील सी-डॅक या संस्थेने केला (स्थापना १९८८). जिस्ट कार्ड संगणकात बसविल्यावर डॉसमधील अक्षराधिष्ठित आज्ञावलींतही देवनागरी लिहिता-वाचता येई. हा मजकूर इस्की या संकेतप्रणालीत साठविला जाई. तिचे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले. तीत पहिले १२८ संकेत रोमन लिपीकडे ठेवून भारतीय अक्षरांसाठी वरच्या १२८ मधील संकेत योजलेले आहेत. त्यामुळे जिस्ट नसलेल्या यंत्रावर अशी फाइल ‘टाइप’ आज्ञेने पाहिल्यास देवनागरीऐवजी चौकटींच्या रेषा व परकीय अक्षरे दिसतात. एफ५ कळीने प्रारंभ केल्यास वगळलेल्या फाइलींद्वारे येणाऱ्या सहायक आज्ञावलीही स्मृतीत येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते. अशा वेळी फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकणे ही भरून न येणारी हानी ठरते. फाइलीची जशीच्या तशी प्रत काढून मग संकेत-कोष्टकाच्या आधारे तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते.

दक्षता : चित्रमय व्यवस्था सुरू होताना तबकडीवर तात्पुरत्या फाइली लिहिते, त्यामुळे पुसलेल्या, परंतु अद्याप शिल्लक असलेल्या मजकुरावर दुसरा मजकूर लिहिला जाण्याचा संभव असतो. आज्ञापंक्ती-प्रारंभात हा धोका बराच कमी होतो. लवचिक तबकडीवरून यंत्र सुरू करताना तिची लेखनबंदी करावी : साडेतीन इंची तबकडीची खिडकी उघडी ठेवावी, तर सव्वापाच इंचीची खाच झाकावी. जुन्या यंत्रातील विद्युत् घट संपल्यास स्थिर तबकडीच्या रचनेची नोंद नाहीशी होते आणि तबकडी सुस्थितीत असूनही यंत्राला ती सापडत नाही. अशा वेळी ती नोंद पुन्हा भरावी लागते. कोयनानगरसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात दमट हवेमुळे लवचिक तबकड्यांवर बुरशी येण्याची भीती असते. बुरशी आलेली तबकडी तशीच फिरविल्यास तिचा चुंबकीय लेप व वाचनशीर्ष या दोहोंनाही इजा पोहोचते. म्हणून तबकड्या कोरड्या जागी ठेवणे आणि त्या वाचता येत आहेत तोवरच त्यांच्या प्रती काढणे आवश्यक असते.