घराजोगे कुत्रे

कुत्रे पाळावे की नाही, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे फार पूर्वीच लागलेला आहे. दत्तात्रेयाच्या पायांशी श्वान आहेत, खंडोबाजवळ त्याचे कुत्रे आहे, आणि असोद्यासारख्या गावात दाराशी येणाऱ्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकल्यावाचून कित्येक घरांत दिवस मावळत नाही. आजचा प्रश्न निराळा आहे. जळगाव शहर गावाला येऊन भिडत आहे, धाब्याच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहत आहेत, आणि जे कुत्रे पूर्वी आपणहून अंगणात येई, ते आता जात विचारून व पैसे मोजून आणले जाते. मग जात निवडावी कशी?

आमचे म्हणणे असे की, प्रथम कुत्र्याकडे पाहूच नये. आपल्या घराकडे पाहावे. कुत्र्याची प्रत्येक जात माणसाने कोणत्या तरी कामासाठी व कोणत्या तरी हवेसाठी घडविली. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखण्यासाठी घडला. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रावर कोळ्यांच्या हाताखाली राबत. हस्की सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढी. काम गेले, तरी स्वभाव व शरीर तेच राहिले. ज्याच्या रक्तात दिवसभराची धाव आहे, त्याला दोन खोल्यांत साखळीने बांधले तर ते भुंकते, वस्तू फाडते, चिडते. आणि आपण म्हणतो, कुत्रे वाईट निघाले!

दुसरा विचार हवेचा. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि तोंडातील ओलाव्याच्या वाफेबरोबर अंगातील उष्णता बाहेर टाकते. चपट्या नाकाच्या पगची श्वासाची वाटच अरुंद. त्याला ही सोय अपुरी पडते. दाट दुहेरी केसांच्या हस्कीला किंवा सेंट बर्नार्डला येथील उन्हाळा म्हणजे शिक्षाच होय. जे कुत्रे केवळ थंड केलेल्या खोलीत जगू शकते, ते वीज गेली की काय करील, याचा विचार आणण्यापूर्वीच केलेला बरा.

तिसरा विचार घरातील माणसांचा. दोघेही नोकरीवर आणि मुले शाळेत, अशा घरात दिवसभर सोबत मागणारे पिल्लू आणू नये. घरात वृद्ध असतील, तर हिसडा देऊन पाडील असे अवजड कुत्रे नको. लहान मुलांच्या घरी शांत स्वभावाचे कुत्रे हवे; आणि तरीही मूल व कुत्रे यांना एकटे सोडू नये. लॅब्रॅडॉर मायाळू खरा, पण खादाड. फिरविले नाही तर लवकर फुगतो. मळ्यावर राखणीला ठेवायचे असेल, तर सावली, पाणी आणि रोज तेथे जाणारा माणूस, ही तिन्ही आधी हवीत.

आपल्या देशी जातींकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. कारवानी, ज्याला मुधोळ या नावानेही ओळखतात, हे सडपातळ, आखूड केसांचे, वाऱ्यासारखे पळणारे शिकारी कुत्रे दख्खनच्या उन्हात वाढलेले आहे. २००५ साली भारतीय डाक खात्याने मुधोळचे टपाल तिकीटही काढले. परंतु त्याला मोकळे रान लागते, आणि पळणारी कोंबडी दिसली की त्याला आवरणे अवघड. ज्याला शेत आहे व रोज पळविण्याची हौस आहे, त्यानेच ते पाळावे. बाकीच्यांनी गावठी पिल्लाचा विचार अवश्य करावा. येथील ऊन त्याच्या पिढ्यांनी सोसलेले असते, केस आखूड असतात, ते अन्नाला फारसे नखरे करीत नाही. आणि त्याला किंमत पडत नाही. मात्र दोन महिन्यांच्या आत ते आईपासून तोडू नये.

कोणतेही कुत्रे आणले, तरी काही गोष्टी चुकत नाहीत. तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळीची लस टोचावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती चालू ठेवावी. पिल्ले नको असतील, तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. कांदा, लसूण, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. तेव्हा भरताचा किंवा शेवभाजीचा उरलेला रस्सा त्याच्या ताटलीत ओतू नये. घरचे असो वा रस्त्यावरचे, कुत्रे चावले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून वाट पाहणे जिवावर बेतते, कारण पिसाळी एकदा अंगात दिसू लागली की ती बहुधा बरी होत नाही.

कुत्रे दहा-बारा वर्षे आपल्याबरोबर राहते. हौस फिटली म्हणून त्याला हमरस्त्यावर सोडून येणारी माणसे आपण पाहतो. जनावराला उपाशी-तहानलेले मरण्यासाठी टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्याही आधी तो विश्वासघात आहे. म्हणून पिल्लू पाहावयास जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. पहाटे फिरविणार कोण, गावाला गेल्यावर भाकरी घालणार कोण, म्हातारपणी औषध देणार कोण, ही नावे आधी ठरवावीत. नावे ठरत नसतील, तर कुत्रे न आणणे हीच त्या घराची खरी भूतदया होय.